हट्ट्याची सडक

गोंदियाहून निघालेली पॅसेंजर हट्टा रोडला थांबते आहे. थंडी चांगलीच आहे आणि धुकं धानाच्या बांध्यांवरून अजून उठलेलं नाही. उतरणारे थोडे आहेत. एका बाईच्या डोक्यावर गाठोडं आहे, एका म्हाताऱ्याच्या हातात दवाखान्याच्या कागदांची पिशवी. गाडी बालाघाटकडे निघून जाते, तेव्हा रुळांपलीकडे कापणी झालेली धानाची शेतं दिसतात. गाव कुठंच दिसत नाही. ज्या स्टेशनाच्या नावामागं रेल्वेनं 'रोड' लावलंय तिथं उतरणाऱ्यानं पुढच्या वाटेची तयारी ठेवायची असते. हट्टा आत आहे, आणि तिथं नेणारी सडक पाहायलाच मी आलो आहे.

"बावडी पाहाले आले का जी?" ऑटोवाला विचारतो.

"बावडी पण पाहीन. आधी ही सडक पाहायची आहे."

"सडक?" तो मागं वळून बघतो, मग पुढं बघतो. "मंग हळू चालवतो."

आणि तो खरंच हळू चालवतो.

दोन्ही बाजूंना बांध्याच बांध्या. धान कापून झालंय, खुंट उरलेत, त्यांच्यावर दव चमकतंय. काही शेतांत पुंजणे अजून रचलेले आहेत, काही ठिकाणी मळणी उरकून पोती शिवून ठेवली आहेत. समोरून एक ट्रॅक्टर पोत्यांची ट्रॉली ओढत येतो. ऑटोला सडकेखाली उतरून त्याला जागा द्यावी लागते. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या सुगंधी धानाचा हा जिल्हा. पण ट्रॉलीतला माल बहुधा सरकारी खरेदीचं जाडं धान असावं. पोती वर्षानुवर्षं याच दिशेला जातात, गावातून सडकेवर आणि सडकेवरून स्टेशनाकडे. माझ्या मते या सडकेची निम्मी गोष्ट या एका दिशेत आहे.

वाटेत एके ठिकाणी नळयोजनेच्या पाइपासाठी सडकेची कड खणून ठेवली आहे. मी ऑटो थांबवतो आणि खाली उतरतो. चर कमरेइतका खोल आहे आणि त्याच्या उभ्या भिंतीत सडकेचं पोट उघडं पडलंय. सगळ्यात वर डांबर, काळं, दोन-तीन वेळा एकावर एक ओतलेलं. त्याखाली क्रशरची खडी, एकसारख्या मापाची, करडी. त्याखाली वेगळाच थर लागतो. दगड इथं लहान-मोठे आहेत, कडा धारदार आहेत, मध्ये लाल मुरूम दाबून बसवलाय, इतका घट्ट की खिळ्यानं उकरला तरी सुटत नाही. ही हातानं फोडलेली गिट्टी. क्रशर या भागात यायच्या आधी असा प्रत्येक दगड कुणीतरी समोर घेऊन बसायचं, हातोडी मारायचं, ढीग लावायचं. मग सडकेवर थर अंथरायचा, वर मुरूम टाकायचा, पाणी मारायचं आणि बैलांनी ओढलेला दगडी रूळ त्यावरून फिरवत राहायचं. सगळ्यात खाली काळी माती, आजूबाजूच्या बांध्यांतलीच.

मी चरात उतरून त्या मधल्या थरावर हात ठेवतो. दगड गार लागतो. ऑटोवाला वरून पाहतो आहे, त्याला घाई नाही.

या सडकेच्या दोन्ही अंगांचा मुलूख एकेकाळी हट्ट्याच्या जमीनदारीचा. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात वैनगंगेच्या पूर्वेच्या या जंगलपट्टीत जमीनदार ठरावीक टाकोळी, म्हणजे खंडणी, भरायचे आणि बाकी कारभार आपल्या पद्धतीनं चालवायचे. शेजारी कामठ्याची मोठी जमीनदारी होती. १८१८ मध्ये तिथल्या चिमणा पाटलानं बंड केलं, इंग्रजी फौज चालून आली, कामठा पडला आणि जमीनदारी लोधी घराण्याकडे गेली. हट्ट्याची गादीही लोध्यांचीच. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, नागपूरचं राज्य खालसा झालं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि दोनच वर्षांनी रिचर्ड टेंपलनं या सगळ्या जमीनदाऱ्यांवर अहवाल लिहिला. कोणाला संस्थानिक मानायचं आणि कोणाला साधा जमीनदार म्हणून ठेवायचं, हा त्यातला मोठा प्रश्न. हट्टा दुसऱ्या रांगेत बसला. १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा केला, तेव्हा हट्ट्याकडचा हा सखल भाग भंडाऱ्यातून तिकडे गेला. म्हणून इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आपली मराठी आहे, पोवारी आहे, लोध्यांची बोली आहे, आणि एका वाक्यात तिन्ही सहज येतात. १९५६ मध्ये भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. बाघ नदीच्या एका काठावर आज महाराष्ट्र आहे, दुसऱ्या काठावर मध्य प्रदेश. धान दोन्ही काठांवर सारखंच रोवलं जातं.

इंग्रजांनी सडका कशासाठी बांधल्या, याचं उत्तर मला या बांध्यांमध्ये उभं राहून अगदी स्पष्ट दिसतं. आधीच्या वाटा खाचरांच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या, होत्या. पावसाळ्यात चाक आसापर्यंत रुतायचं, म्हणून चार महिने माल हलायचाच नाही. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८२ पर्यंत राजनांदगावला पोचली आणि गोंदिया त्या लाइनवरचं स्टेशन झालं. १८८८ मध्ये बंगाल नागपूर कंपनीनं ती लाइन रुंद केली. त्या दिवसापासून या मुलखातल्या तांदळाला लांबचं गिऱ्हाईक मिळालं. आता लागत होती ती खाचर बारा महिने चालेल अशी पक्की सडक, बालाघाटपासून गोंदियाच्या मालधक्क्यापर्यंत. सारा वसूल करायला, पोलीस पाठवायला, साहेबाच्या हिवाळ्यातल्या दौऱ्याला सडक लागायचीच. पण तिला जन्म दिला तो तांदळानं. साहेबाचा तळ पडायचा तेव्हा जमीनदारीतल्या गावांनी रसद द्यायची, बेगारीला माणसं द्यायची, तळापर्यंतची वाट सारखी करून ठेवायची. त्या कष्टाची दफ्तरात नोंद झाली नाही.

ऑटोवाला हाक मारतो. ऊन वर आलंय.

गावात शिरताना सडक अरुंद होते. किराणा, मोबाइल रिचार्ज, खताचं दुकान, चहाची टपरी. टपरीवर मोहरीच्या तेलात भजी तळली जाताहेत, तो वास थंड हवेत रेंगाळतो आहे. बावडीची वाट कोणीही सांगतं.

बावडी पाहून माणूस थबकतोच. वरून जमिनीतला एक मोठा खड्डा वाटतो, आणि पायऱ्या उतरायला लागलं की तो खड्डा इमारत होतो. दारापाशी कोरलेल्या मूर्ती आहेत. आत दगडी खांबांची रांग, तिच्यामागं ओवऱ्या, ओवऱ्यांमागं खोल्या, आणि तसाच मजला पुन्हा त्याखाली. सगळ्यात तळाशी पाणी, हिरवं, हलत नसलेलं. पायरीगणिक थंडी वाढत जाते. वरच्या ओवरीत उभं राहिलं की बाहेरच्या मोटारसायकलींचा आवाज जवळजवळ बंद होतो. सतराव्या-अठराव्या शतकातलं हे काम मानतात. गावातले लोक सांगतात की हट्टेसिंह वल्के नावाच्या राजानं ती बांधली, सैनिकांना पाणी आणि विसावा मिळावा म्हणून, आणि गावाचं नावही त्याच्यावरूनच पडलं. १९८७ मध्ये राज्य सरकारनं ती संरक्षित केली. बाहेर तसा फलक आहे.

इथं मला थोडं थांबून बोलायचं आहे. बावडीला राजाचं नाव आहे, फलक आहे, राखण आहे, आणि ते असायलाच हवं. असं काम पुन्हा होणार नाही. जमीनदारीचंही नाव उरलं. मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्यानं ३१ मार्च १९५१ पासून जमीनदाऱ्या आणि मालगुजाऱ्या संपल्या, तरी इथं वाडा दाखवताना लोक आदरानंच बोलतात. इंग्रज अधिकाऱ्यांची नावं तर छापील आहेत. सी. ई. लो यांचं बालाघाट गॅझेटिअर १९०७ मध्ये निघालं, त्यात कोणी कधी कारभार केला ते वर्षांसकट सापडतं. पण बावडीपासून हाकेच्या अंतरावर जी सडक आहे, जिच्यावरून हे सगळे आले-गेले, तिच्या पोटातली गिट्टी ज्यांनी फोडली त्यांचं एकही नाव गावात कोणाला सांगता येत नाही. मी पायऱ्या चढून वर येतो, टपरीवर चार वयस्क माणसांना विचारतो. एक जण म्हणतो, "इंग्रजाच्या टाइमची हाय." दुसरा म्हणतो, "आमचा बुढा सांगे का, अकालात बनली म्हणून." बाकीचे मान डोलावतात.

अकालात. हा एक शब्द घरोघरी टिकला आहे.

१८९६ च्या पावसानं ऐन रोवण्यानंतर दगा दिला आणि धान उभ्या जागी वाळलं. या भागात धान गेलं की जवळजवळ सगळं गेलं. १८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा आला. सरकारनं दुष्काळी संहितेप्रमाणे रिलीफची कामं काढली. सडकांचं मातीकाम, गिट्टी फोडणं, तलाव खोदणं. उपाशी माणसं घरदार सोडून त्या कामांवर गेली. गोंड आणि इतर जंगलातले लोक तर कॅम्पच्या गर्दीला, पटकीला घाबरून बरेचसे गेलेच नाहीत आणि कंदमुळांवर जगले किंवा मेले. १९०१ च्या शिरगणतीत बालाघाट जिल्ह्यात ३,२६,५२१ माणसं मोजली गेली, दहा वर्षांआधीपेक्षा १५ टक्के कमी. दर शंभरातले पंधरा. ज्या दशकात लोकसंख्या वाढायला हवी होती त्या दशकात ती इतकी घटली. मला हा आकडा वाचून दरवेळी हट्ट्यासारख्या गावातली ओसाड घरं दिसतात, ज्यांच्यात पुढच्या पावसाळ्यात कवेलू सारखे करायला कोणी नव्हतं.

त्याच वर्षांत या प्रांतातून काही धान्य बाहेरही जात होतं. भाव चढले होते, रेल्वे होती, आणि मालाला जिथं जास्त पैसे मिळतील तिथं तो जातो. सडक बारा महिने चालणारी होत होती. तिच्यावरून पोती स्टेशनाकडे जात होती आणि तिच्याच कडेला माणसं गिट्टी फोडत बसली होती. सडक वाईट, असं मला म्हणायचं नाही. तीच सडक पुढं दुष्काळात बाहेरचं धान्य आत आणायच्या कामी येते, आजारी माणसाला दवाखान्यात नेते. पण ती कोणाच्या भुकेवर बसवली गेली हे विसरून तिच्याकडे पाहणं मला जमत नाही.

१९०३ ते १९०५ या काळात सातपुडा रेल्वेची अडीच फुटी लाइन गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरला पोचली. हट्टा रोड स्टेशन तेव्हाचं. मँगनीजच्या खाणी वर येत होत्या, सागवान होतं, धान होतं. गोंदियापर्यंतचा खाचरांचा लांबचा फेरा संपला आणि जमीनदारीतून स्टेशनापर्यंतचा हा छोटा तुकडाच महत्त्वाचा झाला. ती अरुंद गाडी शंभर वर्षं चालली. गोंदिया-बालाघाट लाइन २००५-०६ च्या सुमारास रुंद झाली. पलीकडचा बालाघाट-गोंदिया मोठा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग ५४३ आहे, शहडोलकडून मंडला, बालाघाट, गोंदिया करत गडचिरोलीच्या दिशेला जाणारा. त्याच्यावर ट्रकांची रांग न तुटता चाललेली असते.

दुपारी मी पायी परत निघतो. गावाबाहेर, सडकेपासून थोडं आत, पांदणीचं काम चालू आहे. वीसेक बाया आणि काही पुरुष, रोजगार गारंटीचे मजूर. पांदणीच्या कडेला खड्डे खणायचे, माती टोपल्यात भरायची, वाटेवर टाकून ती उंच करायची. इथं या खड्ड्यांना खंती म्हणतात. प्रत्येक खंतीच्या मधोमध मातीचा एक खांब न खणता तसाच सोडलेला आहे, त्याच्या डोक्यावर गवतही शाबूत. त्या खांबावरून खोली मोजायची आणि मजुरी ठरवायची. रिलीफच्या कामांवरही मोजणी अशीच व्हायची, खड्ड्यावरून. महाराष्ट्रानं १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, २००५ मध्ये देशाचा कायदा झाला. त्या कायद्यांनी कामाचा हक्क दिला, आणि हा फरक लहान नाही. दुष्काळी संहितेत काम ही सरकारची मेहेरबानी होती. पण फावडं, टोपलं, खंती आणि मधला मातीचा खांब जुनाच आहे.

कामावर देखरेख करणारा मेट तरुण आहे, गावातलाच. हातात मोबाइल घेऊन तो मजुरांना ओळीत उभं करतो, हजेरीचा फोटो काढायला. दुपारच्या उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही म्हणून पाठ फिरवून सावली करतो. मग मस्टरवरची नावं वाचतो. प्रत्येक नावाला एकेक बाई हात वर करते. एक नाव चुकीचं छापलंय. तेवढ्यावर दोन मिनिटं वाद होतो, कारण नाव चुकलं तर पैसे खात्यात येत नाहीत. ती बाई आपलं नाव दोनदा, ठासून, अक्षर-अक्षर सांगते आणि मेट लिहून घेतो. १८९७ च्या अहवालांत कामावरच्या माणसांना एकक म्हणून मोजत. आज इतके एकक, काल तितके. नाव लिहायची रीतच नव्हती.

एक मावशी पाणी प्यायला सावलीत येऊन बसतात. लुगड्याच्या पदरानं तोंड पुसतात. मला विचारतात, "कोठून आले जी तुमी?"

"गोंदियाहून, मावशी."

"काय पाहाले?"

मी सांगतो. सव्वाशे वर्षांपूर्वी अकाल पडला तेव्हा या भागात सडकांची अशीच कामं निघाली होती, बाया-माणसं गिट्टी फोडायची, खंती खणायची. त्यांना गोष्ट नवी नाही, नुसती मान हलवतात. मग विचारतात, "तवा रोजी किती भेटे?"

मी सांगतो की रोजी रुपयांत ठरलेली नव्हती. एका माणसाला जगायला किती धान्य, डाळ, मीठ लागतं ते सरकारनं ठरवलं होतं. बाजारात त्याचा जो भाव असेल तेवढेच पैसे हातावर पडायचे. माणसाला जास्त, बाईला कमी. काम कमी भरलं की पैसे कापायचे.

"अन् लेकरं?"

"कामाच्या जागी जी लहान लेकरं असत त्यांच्यासाठी थोडं वेगळं देत. नाहीतर जेवण."

मावशी थोडा वेळ हिशेब करतात. "मंजे खाऊन झाल्यावर हातात काहीच नाही राहे," त्या म्हणतात. "कापड नाही, औषध नाही. बी नाही. मंग पाणी आल्यावर लोकं पेरत काय?"

कोणतंही पान वाचताना हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पुढच्या पावसाळ्यात परे टाकायला बी कुठून आणलं असेल, कोणत्या सावकाराकडून, कोणत्या बांधीच्या बदल्यात? जिल्ह्यातल्या कितीतरी जमिनींचे मालक त्या दोन अकालांत बदलले असणार आणि त्या व्यवहारांची सुरुवात याच प्रश्नातून झाली असणार. मी वहीत तो प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून घेतो.

मेट टेप घेऊन येतो. मावशी उठतात, पदर खोचतात. खंती त्यांची आहे, मोजणी व्हायची आहे. दुसरं टोक धरायला कोणी मोकळं नाही. "धरा ना जी भाऊ," त्या मला म्हणतात. मी खंतीत उतरतो आणि मातीच्या खांबाच्या पायथ्याशी टेपचं टोक दाबून धरतो. मेट आकडा वाचतो. मावशींना तो पटत नाही.

"तिकडून मोज," त्या त्याला बजावतात. "तिकडं मी खोल खणलं."

मेट दुसऱ्या बाजूला जातो, मी टोक धरून सरकतो, आणि तो पुन्हा मोजतो. या बाजूनं आकडा वाढतो. तो वाढलेला आकडा मेट मस्टरजवळच्या वहीत, मावशींच्या नावासमोर लिहितो, आणि मावशी वाकून तो नीट लिहिलाय ना ते बघून घेतात.